नाव बाईंचं, जाळं साहेबांचं

धान्यातल्या किडीवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत एकशे ब्याऐंशी माणसं कामाला होती. त्यांतले चोवीस जण शास्त्रज्ञ, प्रत्येकाने आपापला किडा वाटून घेतलेला. कुणाकडे तांदळातला सोंडकिडा, कुणाकडे पिठातली अळी. एकमेकांच्या किड्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही, असा तिथला शिष्टाचार. पण संगणकांच्या जाळ्यावर त्या सबंध संस्थेतून एकच नाव नोंदलेलं होतं, आणि ते होतं टायपिस्टबाईंचं. तेही कायम टायपिस्टचं नव्हे, हंगामी टायपिस्टचं.

हे जाळं म्हणजे आजच्यासारखं खिशात घालून हिंडायचं प्रकरण नव्हतं. टेलिफोनच्या तारेवरून एका संगणकातली पत्रं दुसऱ्या संगणकात जायची, एवढंच. विद्यापीठाच्या तळघरातल्या दोन खोल्यांतून चार माणसं आणि एक चिटणीस ते चालवायचे. पहिली तीन वर्षं सगळा खर्च सरकारी अनुदानातून झाला, आणि त्या तीन वर्षांत जाळ्याचं कौतुक करताना कुणाची जीभ थकली नाही. फुकट ते पौष्टिक! संस्थेच्या संचालकसाहेबांनी तर उद्घाटनाच्या भाषणात टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "ज्ञानाच्या देवाणघेवाणीचं मोल पैशात करता येत नाही." चौथ्या वर्षी अनुदान संपलं आणि चिटणिसांचं पत्र आलं की मोल पैशात करता येतं, सोबत तक्ता जोडला आहे.

तक्ता माणसांवर होता. जितकी माणसं जास्त, तितकी वर्गणी जास्त. एकशे ब्याऐंशी माणसांची वर्षाची वर्गणी बाईंच्या चौदा महिन्यांच्या पगाराएवढी भरत होती. साहेबांचे डोळेच पांढरे झाले. दुसऱ्या दिवसापासून संस्थेतली माणसं भराभर कमी व्हायला लागली. माळी गेले, पहारेकरी गेले, बाटल्या धुणारे गेले, आणि संध्याकाळपर्यंत कागदावर एकतीस माणसं उरली. तसं चिटणिसांना कळवलंही. चिटणिसांनी उलट टपाली वर्तमानपत्राचं एक कात्रण धाडलं. त्याच महिन्यात नव्या इमारतीची मागणी करताना साहेबांनी बातमीदाराला सांगितलं होतं, की आमच्याकडे दोनशे दहा माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून काम करताहेत.

तेव्हा मदतीला धावले हिशेबनीस. यांना पाठीमागे सगळे 'चिमटा' म्हणत, कारण पैसा यांच्या हातून सुटायचा म्हणजे चिमट्यात धरलेल्या किड्यासारखा तडफडायचा. त्यांनी तक्त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचून काढली. तिथे 'वैयक्तिक सदस्य' असा एक वर्ग होता. घरबसल्या हौस म्हणून जाळ्यावर येणाऱ्या माणसांसाठी. त्याची वर्गणी होती संस्थेच्या वर्गणीचा चाळिसावा हिस्सा. खाली अटी होत्या. त्या हिशेबनिसांनी एकट्यानेच वाचल्या, पोटात ठेवल्या आणि सगळ्या संस्थेवरून नजर फिरवून बोट ठेवलं ते बाईंवर.

"बाई, इथे सही करा."

"काय आहे?"

"काही नाही हो, तुमचा मान आहे. जगभर नाव जाईल."

फॉर्मवर 'सदस्य होण्याचं कारण' असा एक रकाना होता. हिशेबनिसांनी तो आपल्या हाताने भरला: किड्यांची आवड. आता बाई अशा, की झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढायच्या. पण सही केली. हंगामी माणसाने समोर आलेल्या कागदाला नाही म्हणायचं नसतं.

बरं, वैयक्तिक सदस्याची वर्गणीही वैयक्तिकच हवी. म्हणून ती बाईंच्या पगारातून कापायची आणि मग 'किरकोळ खर्च' दाखवून त्यांना परत द्यायची, असं ठरलं. पहिल्या वर्षी पैसे तीन महिन्यांनी परत मिळाले. दुसऱ्या वर्षी सात महिन्यांनी. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी मिळालेच नाहीत. विचारायला गेलं की हिशेबनीस म्हणायचे, "तुमचे पैसे कुठे पळून जाताहेत का?" अहो, पळून गेलेच होते ते! चोवीस पदवीधरांचा जगाशी पत्रव्यवहार त्या संस्थेतली सगळ्यांत कमी पगाराची बाई पदरमोड करून चालवत होती, आणि त्याची लाज एकालाही वाटत नव्हती.

संगणक ठेवला होता नमुन्यांच्या खोलीत, कारण जादा टेलिफोन तिथेच होता. चारी भिंतींना किड्यांच्या पेट्या, आणि डांबरगोळ्यांचा असा वास की बाईंच्या डब्यातल्या जेवणालाही तो लागायचा. रोज दहाला बाई नंबर फिरवायच्या. पलीकडून आधी एक जाड शिट्टी, मग एक बारीक. बारीक शिट्टी सुरू झाली रे झाली, की रिसीव्हर संगणकाशेजारच्या ठोकळ्यावर, त्याच्या दोन खळग्यांत दाबून बसवायचा. जरा घाई किंवा जरा उशीर झाला की फोन तुटला, पुन्हा पहिल्यापासून, आणि बिल प्रत्येक फोनचं वेगळं. बाईंचा हात असा बसला होता की वर्षातून चार वेळासुद्धा चुकत नसे.

सगळ्यांची पत्रं बाईंच्याच नावावर यायची. त्या ती छापायच्या, फाडून वेगळी करायच्या, ज्याची त्याच्या खणात टाकायच्या. दुपारी शास्त्रज्ञ पेन्सिलीने खरडलेली उत्तरं आणून द्यायचे, बाई टाइप करायच्या आणि चारला धाडायच्या. टाइप करताना थोडा हातही फिरवायच्या. 'तुमचा लेख म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे' याचं 'तुमच्या लेखातले काही मुद्दे मला नीट समजले नाहीत' असं व्हायचं. दोन देशांतल्या दोन सोंडकिडेवाल्यांचं सात वर्षांचं भांडण बाईंनी असं एका पावसाळ्यात मिटवून टाकलं, आणि त्या दोघांना अजून वाटतं की समोरचाच नरमला. परदेशातल्या लोकांना मात्र नवल वाटायचं, की ही कोण विदुषी, जिला सोंडकिड्यापासून पिठातल्या अळीपर्यंत सगळं येतं आणि स्वभावही एवढा गोड!

विदुषींच्या घरी दोन खोल्या होत्या आणि एक शिलाई मशीन. नवरा शिंपी, गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. माणूस गमत्या, बोलायला लागला की गिऱ्हाईक कपडे घ्यायला आलंय हे विसरून बसून राहायचं. पण गेली चार वर्षं मास्तरांच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. आधी काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना, मग कुठल्याच कापडावर कुठलाच दिसेना. बाई सकाळी कामावर जाण्याआधी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या. मास्तर त्या दिवसभर पुरवून वापरायचे. अकरावी लागली तर शेजारणीकडे जायचे.

ऑपरेशन करायचं म्हणजे पैसे. संस्थेत कायम असलेल्याच्या घरच्यांना मोठ्या इस्पितळात सगळं मोफत होतं, हंगामी माणसाच्या घरच्यांना शुभेच्छा होत्या. म्हणून बाईंना कायम व्हायचं होतं. बाकी त्यांचं मागणं काही नव्हतं. नऊ वर्षं झाली, कायम करायचा हुकूम त्यांनी स्वतःच्या हाताने सहा वेळा टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. साहेब दर वेळी तो वाचायचे, "हे तर करायलाच हवं," म्हणायचे आणि पेपरवेटखाली सरकवायचे. मध्येच धाकटी टायपिस्ट आली, साहेबांच्या साडूची मुलगी. ती अकरा महिन्यांत कायम झाली. बाईंनी धीर करून विचारलं, तर साहेब म्हणाले, "तिचं वेगळं आहे." ते तर सगळ्यांनाच दिसत होतं. आणि आता बाईंना पंचेचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. पंचेचाळिशीनंतर कुणालाही कायम करता येत नाही, असा नियम होता.

नेमकं त्याच वेळी जाळ्याचं दिवाळं वाजायची पाळी आली. कारण आपल्या हिशेबनिसांना जे सुचलं, ते प्रत्येक संस्थेच्या हिशेबनिसाला सुचलं होतं. एक कॉलेज आपल्या शिपायाच्या नावावर होतं, एक इस्पितळ नर्सच्या नवऱ्याच्या नावावर. जाळ्यात खऱ्या संस्था नऊ आणि हौशी माणसं तीनशे चाळीस! टेलिफोनचं बिल थकलं. तेव्हा चिटणिसांनी ठरवलं की हौशी सदस्यांच्या घरी जाऊन हौस डोळ्यांनी पाहायची. तसं पत्र बाईंना आलं: रविवारी सकाळी अकरा वाजता येत आहे.

ते पत्र वाचून साहेबांची धांदल उडाली. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"बाई, एवढी भेट नीट पार पाडा. सोमवारी तुमच्या हुकुमावर सही."

"नक्की ना साहेब? दोनच महिने राहिलेत."

"शब्द दिला ना!"

शनिवारी संस्थेची जीप बाईंच्या दाराशी लागली. संगणक आला, छपाईचं यंत्र आलं, खळग्यांचा ठोकळा आला, भिंतीवर लावायला सोंडकिड्याचं हातभर चित्रही आलं. ठेवायला जागा एकच, शिलाई मशीनचं टेबल. मास्तरांचं काम बंद पडलं. त्यांनी संगणकाभोवती टेप फिरवली आणि म्हणाले, "छाती मोठी आहे. याला कोट शिवायचा तर कापड जास्त लागेल."

रविवारी अकराला चिटणीस आले. बगलेत फाइल, बुटांच्या टाचा झिजलेल्या, चेहरा उधारी मागून थकलेल्या दुकानदारासारखा. खुर्चीवर बसले, चहा घेतला, संगणक पाहिला, सोंडकिडा पाहिला. मग खोलीभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "टेलिफोन कुठे आहे?"

टेलिफोन! चोवीस पदवीधर, एक संचालक आणि एक हिशेबनीस यांनी मिळून जी योजना आखली, तिच्यात टेलिफोनच नव्हता.

"वाण्याकडे," मास्तर म्हणाले.

"वाणी कुठे आहे?"

"गल्लीच्या टोकाला."

"आणि तार तिथून इथपर्यंत येते?"

"रोज पसरतो, रोज गुंडाळतो," मास्तर म्हणाले. "मापाची सवय आहे आपल्याला."

चिटणीस हसले. असे हसले की चहा बशीत सांडला. "घाबरू नका हो. हे माझं तेविसावं घर. एकोणीस घरांत टेलिफोन नव्हता. एका घरी तर सदस्यच नव्हता. दोन वर्षांपूर्वी वारलाय. पत्रं मात्र रोज नियमाने पाठवतो."

"मग नावं काढून का टाकत नाही तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"काढली तर जाळ्यात उरेल कोण? चाळिसावा हिस्सा तरी येतोय, तो पण जायचा. त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. अळीमिळी गुपचिळी." त्यांनी फाइल उघडली, लिहायला लागले. "पाहिलं, समाधान झालं, असं लिहितो. तुमचं तर कागदावर सगळं चोख आहे. तुम्ही हंगामी आहात ना अजून?"

"हो. का?"

"मग झालं तर. सातव्या अटीत बसता. वैयक्तिक सदस्य कुठल्याही संस्थेचा कायम नोकर असता कामा नये. संस्थांनी आपली माणसं आत घुसवू नयेत म्हणून घातली होती अट. पण चोरांसाठी नियम केला की पहिल्यांदा तो चोरच वाचतात."

बाईंनी हातातली किटली खाली ठेवली. "आणि मी कायम झाले तर?"

"त्याच दिवशी तुमचं सदस्यत्व रद्द. संस्थेला पूर्ण वर्गणी."

फॉर्मवर सही घेताना हिशेबनिसांनी सगळी संस्था सोडून आपल्यावरच बोट का ठेवलं, ते त्यांना आत्ता कळलं. आपला हुकूम चार वर्षं पेपरवेटखाली का जात होता, तेही कळलं. बाई कायम झाल्या तर चौदा महिन्यांच्या पगाराएवढा खर्च, बाई हंगामी राहिल्या तर काहीच नाही, उलट दोन वर्षं त्याच भरतात! उद्या सही होणार नव्हती. परवाही होणार नव्हती. शब्द देताना साहेबांना हे माहीत होतं आणि वर बसा म्हणाले होते. तोंडाला पानं पुसायची तीही किती प्रेमाने! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. नऊ वर्षांत कधी आला नव्हता असा राग आला, आणि आला तो बरा वाटला.

"वैयक्तिक सदस्याला राजीनामा देता येतो का?" त्यांनी विचारलं.

चिटणिसांचं पेन थांबलं. "येतो. आजवर कुणी दिला नाही."

"अगं, नोकरी जाईल," मास्तर म्हणाले.

"हंगामी माणसाला काढायला कारण लागत नाही हो. यावेळी मी कारण तरी देते."

मास्तरांनी मान डोलावली आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही चाचपडत पुढे केली. बाईंनी तिच्यातलं पान फाडून दोन ओळींचा राजीनामा लिहिला. कारण द्यायला हवं म्हणून कारणही लिहिलं: किड्यांची आवड संपली. चिटणिसांनी तो कागद घडी घालून छातीजवळच्या खिशात ठेवला. देवमाणूस वगैरे नव्हते ते. चाळिसावा हिस्सा जाऊन पूर्ण वर्गणी येणार, हे गणित त्यांनी चहा संपायच्या आत केलं होतं. पण जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "संस्था सदस्याच्या फॉर्मवर अकरावा रकाना असतो. जोडणी सांभाळणाऱ्या कायम नोकराचं नाव. रोजचा फोनही कायम नोकरानेच लावायचा असतो. हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

सोमवारी संगणक संस्थेत परत आला. बाईंनी दहाला नंबर फिरवला, दोन्ही शिट्ट्या झाल्या, रिसीव्हर बसला आणि पडद्यावर ओळ आली की या नावाचा सदस्य नाही. साडेदहाला पहिला शास्त्रज्ञ पत्र विचारायला आला. साडेअकरापर्यंत नमुन्यांच्या खोलीत किड्यांपेक्षा माणसं जास्त झाली. कारण त्या वर्षी किडीची जागतिक परिषद होती, निबंध जाळ्यावरून शुक्रवारपर्यंत पोचायचे होते, आणि टपालाला तीन आठवडे लागायचे. बाराला साहेब स्वतः आले.

"बाई, काय केलंत हे?"

"राजीनामा दिला. वैयक्तिक होतं ना साहेब ते."

"तुम्हाला आत्ताच्या आत्ता कामावरून काढून टाकीन!"

"टाका."

साहेबांनी असं उत्तर आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हिशेबनिसांकडे पाहिलं, हिशेबनिसांनी छताकडे पाहिलं.

नवा हौशी सदस्य आता घर पाहिल्याशिवाय घेत नव्हते आणि शुक्रवार जवळ येत होता, तेव्हा मंगळवारी पूर्ण वर्गणी भरली गेली. चार वर्षं जे पैसे नव्हतेच, ते साहेबांच्या केबिनच्या नव्या पडद्यांच्या रकमेत सापडले. अकराव्या रकान्यात धाकट्या टायपिस्टचं नाव गेलं आणि ती बुधवारी सकाळी ठोकळ्यासमोर बसली. जाड शिट्टी ऐकून तिने रिसीव्हर दूर फेकला. दुसऱ्यांदा कान झाकून बसली. नऊ फोन झाल्यावर डोकं धरून घरी गेली. मग हिशेबनीस स्वतः बसले आणि रिसीव्हर उलटा ठेवला, बोलायची बाजू ऐकायच्या खळग्यात. चौदा फोन तसेच गेले. मग पिठातल्या अळीवाल्यांनी ध्वनिलहरींवर सगळ्यांना छोटंसं व्याख्यान दिलं, ते चालू असताना आणखी आठ फोन तुटले. बाई शेजारच्या टेबलावर पाकिटांवर पत्ते टाइप करत होत्या. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती.

संध्याकाळी हिशेबनिसांनी फोन मोजले. एकतीस. पत्रं गेली शून्य. एकतीस फोनचं बिल डोळ्यांसमोर आल्यावर त्यांच्यातला माणूस जागा झाला, म्हणजे जेवढा होता तेवढा. ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "साहेब, सहीच स्वस्त पडेल."

गुरुवारी सकाळी हुकूम निघाला. टाइप करायला बाईंनाच सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "या वेळी दुसऱ्या कुणीतरी करावा." धाकटीने केला, त्यात चार चुका. बाईंनी लाल पेन्सिलीने खुणा करून परत करायला लावला. मग साहेबांनी सही केली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण पाय धरतानाही गाढवाला गाढव म्हणायचं तो सोडत नाही.

"एवढ्यासाठी तुम्ही सगळ्या संस्थेला वेठीला धरलंत?" साहेब म्हणाले. "मला एकदा नीट सांगायचं होतंत."

"सहा वेळा सांगितलं, साहेब. टाइप करून सांगितलं. पेपरवेट काढून बघा."

अकराव्या रकान्यात बाईंचं नाव आलं. त्यांनी नंबर फिरवला, पहिल्या फोनला जोडणी झाली, आणि संध्याकाळी सहापर्यंत चोवीस निबंध गेले. पंचविसावा राहिला. तो साहेबांचा होता, त्यावर अजून शेवटचा हात फिरत होता. "उद्या सकाळी देतो," साहेब मान खाली घालूनच म्हणाले. बाईंनी त्यांच्यासमोर एक अर्ज ठेवला. कायम नोकराला वर्षातून बारा किरकोळ रजा मिळतात, त्यातली पहिली, दिनांक शुक्रवार. साहेबांनी निबंधातून डोकं वर न काढता सही केली.

शुक्रवारी सकाळी साहेब निबंध घेऊन नमुन्यांच्या खोलीशी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. बाई मास्तरांचा हात धरून मोठ्या इस्पितळात पोचल्या होत्या. हुकुमाची प्रत दाखवल्यावर खिडकीतल्या माणसाने एका मिनिटात कार्ड करून दिलं. एका मिनिटात! बाई त्या कार्डाकडे बघतच राहिल्या. ज्याच्यासाठी नऊ वर्षं घालवली ते एवढंसं, बसच्या पासाएवढं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचे दोन्ही डोळे नीट तपासले. दिवा जवळ आणला, लांब नेला. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "उजवा होईल. पुढच्या आठवड्यात करून टाकू, सुई ओवतील पुन्हा."

"आणि डावा?"

"डाव्याला उशीर झाला. आतली नस सुकलीय. एवढे दिवस काय करत होतात? दोन वर्षं आधी आणलं असतंत तर दोन्ही वाचले असते."

बाईंना सांगता आलं असतं. दोन वर्षं आधी संस्था वर्गणी वाचवत होती, असं सांगता आलं असतं. पण ऐकून डॉक्टरीणबाईंनी काय केलं असतं? साहेबांची केबिन, ते पडदे, "हे तर करायलाच हवं" म्हणणारा तो आवाज, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि मास्तरांना उठवून त्यांनी बाहेर आणलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मास्तरांनी त्यांचा हात चाचपून धरला. "अगं, तोंड का पाडतेस? सुई ओवताना माणूस एक डोळा मिटतोच ना? आपला कायमचा मिटलेला. तेवढाच वेळ वाचला."

आयुष्यभर मास्तरांच्या विनोदाला बाई हसत आल्या होत्या, वाईट असला तरी. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून भर इस्पितळात मोठ्याने रडल्या, आणि मास्तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.